वेदनाशामक गोळीने प्रोस्टाग्लँडिन थांबते, मग दाह का थांबत नाही?

जिज्ञासा_नाशिक:

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हा प्रश्न अर्धा घरचा आहे आणि अर्धा वर्गातला. माझ्या आईला चार वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आमच्या घरी सगळे त्याला आमवातच म्हणतात. सुरुवातीचे सात-आठ महिने ती केवळ वेदनाशामक गोळ्यांवर होती. गोळी घेतली की तास-दीड तासात बोटांचा ठणका कमी होत असे, तिला पोळ्याही लाटता येत असत. पण सकाळचा आखडलेपणा तसाच राही आणि रक्ततपासणीत सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन दर वेळी वाढलेलेच येई. पुढे संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट हे रोग रोखणारे औषध सुरू केले आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ते आकडे उतरले.

आता माझी अडचण अशी. पाठ्यपुस्तकात आणि इतरत्रही मी असे वाचले आहे की, वेदनाशामक औषधे पेशीपटलातील मेदाम्लांपासून प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत आणि प्रोस्टाग्लँडिन हेच दाहाचे कारण असते. हे खरे असेल, तर प्रोस्टाग्लँडिन बंद झाल्यावर दाहही विझायला हवा होता. तो का विझला नाही? दुसरीकडे टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही सायटोकाइन नावाची प्रथिने दाह घडवतात, असेही वाचनात येते. मेदापासून बनणारे हे रेणू आणि ही प्रथिने यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय? कोण कोणाला हुकूम देते? आठवी-नववीच्या मुलांना सांगता येईल इतके सोपे उत्तर नसले तरी चालेल. आधी मला स्वतःला ते नीट समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी:

जिज्ञासाताई, उत्तर थोडे लांबणार आहे. मी काही वर्षे प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी, वाढवून त्यांतून बाहेर पडणारी सायटोकाइन मोजण्याचे काम केले आहे, त्यामुळे या विषयाबद्दल मला आस्था आहे आणि "प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दाह" या वाक्याबद्दल जुनी तक्रारही आहे.

प्रथम रेणूंची ओळख करून घेऊ. पेशीपटलातील फॉस्फोलिपिडमध्ये ॲराकिडोनिक आम्ल नावाचे २० कार्बनचे मेदाम्ल अडकवलेले असते. पेशीला इजा झाली किंवा जंतूची चाहूल लागली की फॉस्फोलायपेज ए२ हे विकर ते सोडवून घेते. पुढे वाट फुटते. सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे कॉक्स, या विकराच्या वाटेने प्रोस्टाग्लँडिन आणि थ्रॉम्बॉक्सेन तयार होतात, तर ५-लायपॉक्सिजनेजच्या वाटेने ल्युकोट्राइन तयार होतात. हे रेणू पेशी साठवून ठेवत नाही. गरज पडली की काही मिनिटांत ते घडवले जातात, जवळपासच्या पेशींवर काम करतात आणि लवकर नष्ट होतात; रक्तात उतरलेल्या प्रोस्टाग्लँडिन ई२ चा बहुतांश भाग फुप्फुसांतून एकदा जाताच निकामी होतो. सायटोकाइनचे तसे नसते. बहुतेक सायटोकाइनसाठी जनुक चालू व्हावे लागते, त्याची प्रत निघावी लागते आणि मग प्रथिन बनावे लागते, म्हणून त्यांना तासांचा अवधी लागतो. यकृतासारख्या दूरच्या अवयवापर्यंत निरोप पोचवण्याचे काम मात्र त्यांनाच जमते.

आता "कोण कोणाला हुकूम देते" हा तुमचा प्रश्न. सांध्याच्या आवरणात टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ यांचे प्रमाण वाढले की तेथील फायब्रोब्लास्ट या ऊतीचा सांगाडा बनवणाऱ्या पेशींत आणि मॅक्रोफेजमध्ये एनएफ-कॅपा-बी आणि पी३८ हे अंतर्गत मार्ग जागे होतात आणि कॉक्स-२ विकराचे जनुक जोराने चालू होते. त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होते, ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि वेदनेच्या मज्जातंतूंना हळवे करते. म्हणजे या टप्प्यावर हुकूम सायटोकाइनचा आणि अंमलबजावणी मेदरेणूची. तापाचेही तसेच आहे. इंटरल्युकिन-१ सारखे निरोप मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोचतात, तेथे प्रोस्टाग्लँडिन ई२ बनते आणि ते हायपोथॅलॅमस या तापमान राखणाऱ्या मेंदूभागाच्या पुढच्या अंशातील ईपी३ या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, बसून शरीराचे तापमान वाढवते. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नाही, त्यांना इंटरल्युकिन-१ टोचूनही ताप येत नाही, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये सिद्ध केले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. ताप आणि ठणका एकाच गोळीने का उतरतात, याचा उलगडा त्यातून झाला.

व्हेन यांना १९८२ चे नोबेल बेर्गस्ट्रॉम आणि साम्युएलसन यांच्यासह मिळाले, आणि "प्रोस्टाग्लँडिन वाईट, ते थांबवा" ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली असावी असे मला वाटते. परंतु प्रोस्टाग्लँडिन ई२ हे हुकूम पाळून थांबत नाही, ते उलट निरोपही पाठवते. मॅक्रोफेजवर त्याचे ईपी२ आणि ईपी४ असे दोन रिसेप्टर असतात. त्यांवर ते बसले की पेशीत सायक्लिक एएमपी हा अंतर्गत निरोप्या वाढतो, आणि त्याच्या प्रभावाने टीएनएफचे उत्पादन घटते, तर दाह शमवणाऱ्या इंटरल्युकिन-१० चे उत्पादन वाढते. टीएनएफने स्वतःच जन्माला घातलेला रेणू परत येऊन टीएनएफचाच हात धरतो. दाह अनावर होऊ नये म्हणून शरीराने ठेवलेला हा लगाम आहे, आणि वेदनाशामक गोळी ठणक्याबरोबर हा लगामही सैल करते.

हे केवळ काचपात्रातले निरीक्षण नाही. निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनची अत्यल्प मात्रा देऊन केलेल्या प्रयोगांत, आधी आयबुप्रोफेन घेतलेल्यांचा ताप आणि अंगदुखी कमी झाली, पण त्यांच्या रक्तातील टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ उलट अधिक वाढले. १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे १९९७ मध्ये सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, ४५५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आयबुप्रोफेनने ताप उतरला, प्रोस्टासायक्लिन आणि थ्रॉम्बॉक्सेन हे कॉक्सच्या वाटेचे रेणू घटले, परंतु जगण्याचे प्रमाण वाढले नाही. मेदरेणूंची एक वाट बंद केली म्हणून सायटोकाइनचा कारभार थांबत नाही, हे या दोन अभ्यासांत मला सर्वांत स्पष्ट दिसते.

तुमच्या आईंच्या सीआरपीचेही उत्तर यातच आहे. सीआरपी यकृतात बनते आणि ते मुख्यतः इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून बनते. गोळीने सांध्यातील प्रोस्टाग्लँडिन कमी झाले, तरी यकृताला मिळणारा निरोप चालूच राहिला.

वाताची_ओपीडी:

मी संधिवाताच्या रुग्णांना तपासतो, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट, कॉक्स बंद करणाऱ्या गोळ्या ल्युकोट्राइनच्या वाटेला हात लावत नाहीत. ल्युकोट्राइन बी४ हा रेणू न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलावणारा अत्यंत प्रभावी निरोप आहे. उंदरांतील सांधेदाहावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले एक काम मला फार आवडते, कारण त्यात मेदरेणू आणि सायटोकाइन यांची साखळी कडी-कडीने उलगडली आहे. आधी ल्युकोट्राइन बी४ न्यूट्रोफिलच्या पहिल्या तुकडीला सांध्यात आणते. त्या पेशी आपल्यासोबत इंटरल्युकिन-१ आणतात. त्यामुळे सांध्यातील स्थानिक पेशी केमोकाइन, म्हणजे इतर पेशींना ओढून आणणारी प्रथिने, सोडतात. आणि ती केमोकाइन न्यूट्रोफिलच्या पुढच्या, मोठ्या तुकड्यांना ओढून घेतात. येथे पहिला हुकूम मेदरेणूचा आहे आणि सायटोकाइन दुसऱ्या पायरीवर येते, म्हणजे वरच्या प्रतिसादातील क्रमाच्या नेमके उलट. तेव्हा "कोण कोणाला हुकूम देते" याचे उत्तर कोणत्या घटकेला, कोणत्या पेशीत आणि कोणत्या रिसेप्टरवर, यावर अवलंबून राहते.

दुसरी गोष्ट उपचाराची. रोग रोखणारी औषधे या साखळीच्या वरच्या टोकाला हात घालतात. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी १९९२ मध्ये टीएनएफला अडवणारी प्रतिपिंडे संधिवाताच्या रुग्णांना प्रथम दिली, आणि त्या एका सायटोकाइनला अडवल्यावर इतर अनेक निरोप खाली येतात हे दिसून आले. स्टिरॉइडचा परिणाम लवकर दिसतो, कारण ती सायटोकाइनची जनुके आणि कॉक्स-२ चे जनुक ही दोन्ही एकाच वेळी दाबतात. त्यांचे दीर्घकाळचे दुष्परिणाम मात्र सर्वांना माहीत आहेत. मेथोट्रेक्सेट सावकाश काम करते आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने गंभीर विषबाधा झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून विषय थोडा बाजूला गेला तरी हे येथे लिहून ठेवतो.

पेशीवाचक:

सूक्ष्मदर्शी यांचे विवेचन मला पटले, पण "लगाम" या शब्दाला माझा आक्षेप आहे. त्या शब्दावरून कोणी प्रोस्टाग्लँडिन ई२ ला सज्जन ठरवील, आणि ती चूक "प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दाह" या चुकीइतकीच मोठी ठरेल.

टीएनएफच्या बाबतीत लगाम म्हणणे ठीक आहे. पण हाच रेणू इतर प्रतिकारपेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींवर काम करतो तेव्हा इंटरल्युकिन-१२ घटते आणि इंटरल्युकिन-२३ वाढते. इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१ यांच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिन ई२ असले, की टी पेशी या प्रतिकारपेशींतील टीएच-१७ हा गट फोफावतो आणि इंटरल्युकिन-१७ सोडू लागतो. मानवी पेशींवर आणि उंदरांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हे ईपी२ आणि ईपी४ रिसेप्टरमार्फतच घडते असे दिसले. म्हणजे जे दोन रिसेप्टर मॅक्रोफेजमध्ये टीएनएफ दाबतात, तेच टी पेशीत इंटरल्युकिन-१७ ला चेतवतात. सोरायसिसमध्ये आणि मणक्यांच्या काही दाहरोगांत इंटरल्युकिन-१७ अडवणारी औषधे दिली जातात, एवढे सांगितले तरी या सायटोकाइनचे महत्त्व लक्षात येईल.

इंटरल्युकिन-६ बद्दलही सावध असले पाहिजे. संधिवातासारखा आजार घडवलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना केवळ प्रोस्टाग्लँडिन ई२ अडवणारे प्रतिपिंड दिल्यावर पायांची सूज कमी झाली आणि इंटरल्युकिन-६ सुद्धा घटले, असा निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्वयंसेवकांच्या एंडोटॉक्सिन प्रयोगात आयबुप्रोफेनने इंटरल्युकिन-६ वाढले, आणि येथे प्रोस्टाग्लँडिन अडवल्यावर ते घटले. पहिला प्रयोग काही तासांच्या तीव्र प्रतिसादाचा होता, दुसरा अनेक दिवस मुरलेल्या सांधेदाहाचा.

सूक्ष्मदर्शी:

पेशीवाचक, आक्षेप योग्य आहे आणि तो मी मान्य करतो. लगाम हा शब्द मॅक्रोफेजमधील टीएनएफपुरताच घ्यावा, असे मी मुळातच लिहायला हवे होते. सांध्याच्या फायब्रोब्लास्टमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ इंटरल्युकिन-६ वाढवते, ही गोष्टही मी गाळली होती.

जिज्ञासा_नाशिक:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी हा धागा दोनदा वाचला आणि वहीत आकृती काढायला घेतली आहे. त्याआधी आणखी एक शंका विचारते. आईच्या मैत्रिणीने तिला जवसाची चटणी रोज खायला सांगितली आहे, शिवाय माशांच्या तेलाच्या कॅप्सूलही कोणीतरी आणून दिल्या आहेत. "रिझॉल्व्हिनमुळे दाह मिटतो" असे त्या बाटलीसोबतच्या पत्रकात छापले आहे. हे रिझॉल्व्हिन म्हणजे काय, आणि त्याने टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-६ खरोखर कमी होतात का?

अर्कशाळा:

मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

दाह आपोआप विरत जातो असे पूर्वी मानले जाई. चार्ल्स सेरहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की तो मिटवण्याचेही स्वतंत्र निरोप असतात आणि तेही मेदाम्लांपासूनच बनतात. १९८४ मध्ये त्यांनी ॲराकिडोनिक आम्लापासून बनणाऱ्या लिपॉक्सिनचे वर्णन केले, आणि २००० नंतर ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनणाऱ्या रिझॉल्व्हिनचे. यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी कल्पना २००१ मधील आहे. प्रोस्टाग्लँडिन ई२ काही काळ वाढलेले राहिले की न्यूट्रोफिल पेशी ल्युकोट्राइन बनवण्याचे सोडून लिपॉक्सिन बनवण्याकडे वळतात, असे त्या कामात दिसले. दाह पेटवण्यात सहभागी असलेला रेणूच तो मिटवण्याची तयारीही सुरू करतो, असा त्याचा अर्थ. ॲस्पिरिन या बाबतीत इतर वेदनाशामकांहून वेगळे आहे, कारण ते कॉक्स-२ ला पूर्ण निकामी न करता त्याचे काम बदलते आणि त्यातून लिपॉक्सिनचा एक वेगळा प्रकार तयार होऊ शकतो. प्राण्यांत आणि काचपात्रात हे रेणू बाहेरून दिले की टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ घटतात आणि मॅक्रोफेज मृत न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करतात.

पण या क्षेत्रात आज गंभीर वाद आहे, आणि कॅप्सूलच्या पत्रकात तो छापलेला नसतो. मानवी रक्तात आणि ऊतींत हे रेणू इतके अल्प आढळतात की अनेक अभ्यासांतील मोजमापे उपकरणाच्या विश्वसनीय मर्यादेच्याही खाली होती, अशी टीका २०२२ आणि २०२३ मध्ये त्याच क्षेत्रातील जाणकारांनी प्रसिद्ध केली. बाहेरून दिलेला रेणू काम करतो म्हणून शरीर तो पुरेसा बनवतेच असे सिद्ध होत नाही. ही टीका मला वजनदार वाटते, म्हणून मी वर्गात रिझॉल्व्हिन शिकवताना "प्रस्तावित" हा शब्द वापरते.

माशांच्या तेलाचा परिणाम समजण्यासाठी रिझॉल्व्हिनची गरजच पडेल असे नाही. ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल पेशीपटलात ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेते आणि त्यापासून ल्युकोट्राइन बी५ बनते, जे बी४ पेक्षा खूपच दुबळे असते. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ९ निरोगी व्यक्तींनी ६ आठवडे रोज १८ ग्रॅम माशांच्या तेलाचा अर्क घेतला, तेव्हा त्यांच्या रक्तातील पेशींची इंटरल्युकिन-१ बनवण्याची क्षमता सुमारे ४३ टक्क्यांनी घटली आणि तेल बंद केल्यानंतरही काही आठवडे ती घटलेलीच राहिली. पण १८ ग्रॅम हा आकडा लक्षात घ्या. संधिवाताच्या ज्या चाचण्यांत वेदना आणि आखडलेपणा थोडा कमी झाला, त्यांतही ईपीए आणि डीएचए हे दुसरे ओमेगा-३ मेदाम्ल मिळून रोज साधारण ३ ग्रॅमच्या आसपास आणि तेही काही महिने दिलेले होते. नेहमीच्या १ ग्रॅम तेलाच्या कॅप्सूलमध्ये ही मेदाम्ले मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. अमेरिकेतील व्हायटल या चाचणीत २५,८७१ लोक होते. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत ओमेगा-३ घेणाऱ्यांत स्वयंप्रतिकार रोगांचे नवे निदान १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

जवसातील ओमेगा-३ हे एएलए या रूपात असते आणि शरीर त्याचा थोडासाच भाग ईपीएमध्ये बदलू शकते, डीएचएमध्ये तर त्याहून कमी. चटणी चवीसाठी आणि तंतूंसाठी आवर्जून खावी. मासे चालत असतील तर बांगडा आणि तारली यांत ईपीए आणि डीएचए तयारच मिळतात. यांपैकी काहीही मेथोट्रेक्सेटच्या जागी घेता येणार नाही, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर कॅप्सूलबद्दल आईंच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

पेशीवाचक:

एक उदाहरण राहून जाऊ नये म्हणून लिहितो, कारण ते आपल्या देशाच्या फार जवळचे आहे. क्षयरोगात इंटरल्युकिन-१ पुरेसे नसेल तर उंदीर लवकर मरतात. २०१४ मध्ये त्याचे एक कारण सापडले. इंटरल्युकिन-१ मुळे प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढते, आणि ते पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉन या सायटोकाइनला आवरून धरते. हे इंटरफेरॉन अति झाले तर क्षयाचे जंतू फोफावतात. क्षयग्रस्त उंदरांना प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि त्यासोबत झायल्युटॉन हे ५-लायपॉक्सिजनेज रोखणारे औषध दिल्यावर जंतूंची संख्या घटली. सांध्यात जो रेणू आपण गोळीने थांबवतो, तोच येथे औषध म्हणून दिला गेला होता.

वाताची_ओपीडी:

याला व्यवहारातली एक जोड आहे. टीएनएफ हे सायटोकाइन क्षयाच्या जंतूंना गाठींत कोंडून ठेवण्यासाठी लागते, म्हणून ते अडवणारे औषध सुरू करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक रुग्णाची सुप्त क्षयासाठी तपासणी करतो. जिज्ञासाताई, आईंना पुढे कधी असे औषध सुचवले गेले, तर ही तपासणी टाळू नये.

जिज्ञासा_नाशिक:

आकृती पूर्ण झाली. वाढवणाऱ्या परिणामासाठी टोकदार बाण आणि रोखणाऱ्या परिणामासाठी सपाट टोकाची रेघ, अशी खूण ठेवली आहे. टीएनएफपासून प्रोस्टाग्लँडिन ई२ कडे बाण आहे. प्रोस्टाग्लँडिन ई२ पासून टीएनएफकडे आणि इंटरल्युकिन-६ कडे सपाट रेघा आहेत. इंटरल्युकिन-१० आणि इंटरल्युकिन-१७ कडे बाण आहेत. ल्युकोट्राइन बी४ पासून न्यूट्रोफिलमार्गे इंटरल्युकिन-१ कडे बाण आहे. आणि इंटरल्युकिन-६ पासून यकृतातील सीआरपीकडे. काही चुकले असल्यास कृपया सांगावे. सोमवारी फळ्यावर काढायची आहे.

सूक्ष्मदर्शी:

एकच दुरुस्ती. प्रोस्टाग्लँडिन ई२ पासून इंटरल्युकिन-६ कडे जाणारी सपाट रेघ खोडून तेथे बाण काढा आणि त्याच्या शेजारी "सांध्यातील फायब्रोब्लास्ट" असे लिहा. टीएनएफकडे जाणाऱ्या सपाट रेघेवर "मॅक्रोफेज" लिहा, आणि इंटरल्युकिन-१७ च्या बाणावर "टी पेशी". पेशीचे नाव नसेल तर मुलांना एकाच रेणूपासून निघालेल्या उलटसुलट खुणांचा मेळ लागणार नाही.